काचेतली ऊब

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या त्या लाकडी घरात थंडी कुठून शिरते ते शोधायला स्टाइनार पुन्हा आला होता, आणि आता त्याचं डोकं फिरलं होतं. हीटर ठणठणीत, भिंतीला कुठे फट नाही, तरी म्हाताऱ्या बोर्गहिल्डबाईंची बैठकीची खोली गारठलेलीच!

"आजी, आजही काही सापडलं नाही तर मी हात टेकणार."

"टेक बापड्या. मुलगा म्हणतोच आहे, थंडी माझ्या डोक्यात आहे म्हणून. घर विकून मला वृद्धाश्रमात टाकायला टपलाय."

उष्णतेच्या अदृश्य लहरी टिपणारा कॅमेरा स्टाइनारने बंद खिडकीवर रोखला. पडद्यावरच्या निळ्याशार काचेत दोन अंधूक नारिंगी आकृत्या उमटल्या. एक त्याचीच होती. या लहरींपुढे काच आरशासारखी वागते. नवशिके इथे हटकून फसतात.

"आजी, माझ्या मागे उभ्या राहू नका हो! किती वेळा सांगायचं?"

"मी कुठे मागे? स्वयंपाकघरात कॉफी ओततेय."

आवाज खरंच स्वयंपाकघरातून आला होता. मग कोणीतरी बाहेरून डोकावतंय मेलं, असं म्हणत तो चरफडला, आणि थबकला. माणसाच्या अंगची ऊब काचेतून आरपार येत नाही. जे दिसत होतं, ते खोलीतच होतं.

त्याने वळून पाहिलं. रिकामी खुर्ची.

पुन्हा पडद्याकडे पाहिलं, तर ती दुसरी आकृती त्याच्या खांद्यावर वाकली होती.

त्या गारठलेल्या खोलीत पहिल्यांदाच त्याच्या मानेला ऊब लागली.