डोक्यावरची टक्कर

हिरालाल तीस वर्षं रोज गेटवर काडीपेटी जमा करून भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात कामाला गेले. त्यामुळे स्फोटाच्या बाबतीत त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता. मुलगी दीपमालाची जिनेव्हाच्या प्रयोगशाळेत निवड झाली, तेव्हा पेढे वाटायच्या आधी त्यांनी मोबाइलवर आलेला व्हिडिओ तिच्यापुढे धरला.

"तिथं कणांची टक्कर करतेत अन् कृष्णविवर होते म्हणते. पृथ्वी गिळते म्हणते. तुले माहीत होतं?"

"झालंच तर डोळा लवायच्या आत नाहीसं होईल, बाबा."

"पुरावा न ठेवता? मंग तर जास्तच गडबड हाये."

तीन दिवस समजावून थकल्यावर दीपमालाने त्यांना अंगणात नेलं आणि आकाश दाखवलं.

"याहून जोराच्या टकरा आपल्या डोक्यावरच्या हवेत रोज होऊन राहिल्या, बाबा. अवकाशातून कण येतेत अन् आदळतेत. कोट्यवधी वर्षं झाली. झालं का काही भंडाऱ्याले?"

हिरालाल बराच वेळ वर पाहत राहिले. चेहऱ्यावरची भीती उतरली, पण डोळे बारीक झाले.

 

"मंग बाई, इथंच होऊन राहिल्या, तर तू तिकडं कायले जाऊन राहिली?"