नदीपलीकडचं लिपिव्का

"एकही शब्द कमी होणार नाही," लारिसाबाई म्हणाल्या आणि मजकुराचा कागद त्यांनी पुन्हा ओस्तापपुढे सरकवला.

कॅप्टन ओस्तापने तो पुन्हा वाचला. साधी श्रद्धांजली होती. नदीपलीकडच्या लिपिव्का गावात, शेवटपर्यंत जागा न सोडता, नाझारला वीरमरण आलं. मग तारीख. खाली आईचं नाव, लारिसा. ओस्तापचे डोळे चुरचुरत होते. धड झोप कधी झाली होती ते त्याला आठवत नव्हतं. ब्रिगेडचा प्रसिद्धी अधिकारी म्हणून तो या साप्ताहिकाच्या कचेरीत यायचा तो काहीतरी छापू नका हे सांगायलाच. युद्धाआधी इथेच तो बातमीदार होता. आणि त्याही आधी, समोर बसलेल्या या बाईंचा विद्यार्थी.

"बाई, नाव छापू. फोटो छापू, मोठा. फक्त गाव आणि तारीख नको."

"मग राहिलं काय? तो गेला, एवढंच? तेसुद्धा लोक मानत नाहीत."

नाझारचा देह मिळाला नव्हता. सरकारी कागदावर 'बेपत्ता' लिहिलं होतं. लिपिव्कातून आपली पोरं पळाली, आणि बाईंचा नाझार सगळ्यांत आधी, असं शहरभर झालं होतं. खरं काय ते बाईंना त्याच्या एका जखमी सोबत्याने दवाखान्यातून फोन करून सांगितलं होतं.

"परवा कुणीतरी दारावर 'पळपुटा' लिहून गेलं," बाई म्हणाल्या. "मी खरवडून काढलं. रंगाचे पोपडे निघाले, अक्षरं तशीच."

संपादक मिरोस्लावा खिडकीशी उभी होती. ती ओस्तापकडे वळली. "मला कायदा दाखवू नकोस. कारण सांग. पटलं तर मी माझ्या हाताने काढते."

"कारण सांगता येत नाही."

"दर वेळी हेच तुझं. आमचं हे चार पानी चोपडं शत्रू वाचत बसतो होय?"

"चोपडं वाचतात, आणि पावाच्या रांगेतल्या गप्पाही ऐकतात. इथलं बोलणं संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे पोचतं, मिरोस्लावा."

बाई हसल्या. ते हसू ओस्तापला वर्गातलं आठवलं. चुकीचं उत्तर दिलं की यायचं ते.

"चेर्नोबिलची भट्टी फुटली तेव्हा मी कीवला शिकत होते. आठवडाही झाला नव्हता आणि आम्हाला मे दिनाच्या मिरवणुकीत चालवलं. हातात कागदी फुलं. कडेला बापांच्या खांद्यावर बसलेली लहान लहान पोरं. वरच्यांना सगळं ठाऊक होतं. तेही म्हणे देशाच्या सुरक्षेसाठीच गप्प बसले होते. हे तुला मीच शिकवलं ना रे?"

"हो, बाई."

"मग आज कुणापासून लपवतोयस? लिपिव्का घेतलं म्हणून शत्रूनेच डांगोरा पिटलाय. तिथे आपला एकही माणूस उरू दिला नाही म्हणतात. आणि माझा नाझार त्यांच्या त्या डांगोऱ्यानंतर आठवड्याने गेला. नंतर, ओस्ताप! तिथेच, त्याच गावात. म्हणजे तो पळाला नव्हता. ही तारीखच तर माझा पुरावा आहे. ही तारीख वाचली की कुणालाही कळेल, की आपली पोरं तिथून..."

बाई थांबल्या.

बाईंनी कागद स्वतःकडे ओढला आणि ती ओळ वाचली. दुसऱ्या कुणाची असावी तशी वाचली.

"कुणालाही कळेल," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली. "आहेत का रे अजून तिथे? बाकीची?"

ओस्तापने तोंड उघडलं. 'नाही' म्हणायचं होतं. रोज कुणा ना कुणाला तो खोटं सांगतच होता, त्याला ते जड नव्हतं. पण आज तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.

बाईंनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, पर्स बंद केली.

"मिरोस्लावा, काहीच छापू नकोस. फोटोही नको."

मिरोस्लावाने डोळे मिटून मान डोलावली.

जिना उतरताना ओस्ताप मागोमाग आला. "बाई, एक दिवस सगळं छापू. मी स्वतः लिहीन."

"लिही," बाई म्हणाल्या. त्यांचा श्वास फुलला होता.

चौकात वीज गेलेली होती. बेकरीपुढे रांग लागली होती, जनरेटर धडधडत होता. बेकरीवाल्या स्तेफाने त्यांना कचेरीतून बाहेर पडताना पाहिलं आणि पाव देता देता मोठ्याने म्हणाली, "काय बाई, पेपरात जाऊन आलात? पोराला शूर करून आणलंत की नाही?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. ओस्ताप तावातावाने पुढे झाला. बाईंनी त्याची बाही धरली आणि त्याला मागे सारलं. रांगेतले सगळे आता वळून बघत होते. बाई त्यांच्यासमोर जाऊन ताठ उभ्या राहिल्या आणि जनरेटरच्या वर आवाज चढवून, टोकाच्या माणसालाही नीट ऐकू जाईल अशा बेताने बोलल्या.

"पळाला माझा नाझार. सगळेच पळाले. लिपिव्कात आता आपलं कुणीसुद्धा उरलेलं नाही."