टोपीछाप कप

सहा कपबशांचे तीनशे पौंड आले, तर आईला स्वतःची कबर मिळणार होती. नाही आले, तर पालिकेचा खड्डा, बिनपाटीचा, दोन अनोळखी माणसांच्या वर. शुक्रवारपर्यंत मुदत होती आणि नोरीनकडे विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

"मला तुझ्या बापाशेजारी ठेव," असं आई जाताना म्हणाली होती. ते तर अशक्यच होतं. बाप अठ्ठावन्न साली गेला, त्याला कबर नव्हती. त्याची राख कुठे आहे विचारलं, की आई म्हणायची, "कामावर घेऊन गेले त्याला." कारखान्याच्या अंगणात उधळली असेल, असं नोरीन समजून होती. आता कारखानाही पाडला होता.

जुन्या कपबशांचा व्यापारी क्लाइव्ह बॉस्टॉक आला. दारामागच्या खुंटीवर बापाची टोपी अजून होती. तिच्यावरच त्याने आपला कोट अडकवला.

त्याने एक कप उजेडासमोर धरला. आरपार त्याच्या बोटांची सावली दिसली.

"अस्सल बोन चायना. हाडाची राख सढळ हाताने घातलीय." मग त्याने कप उलटा केला.

लाँगटनसारख्या चिनीमातीच्या गावात कुणाकडेही गेलं, की माणूस आधी कप उलटा करून शिक्का बघतो, मग चहा घेतो. फक्त या सहांना आईने कधी कुणाला हात लावू दिला नव्हता.

"अठ्ठावन्न साल आणि निळी टोपी. हा कुठला कारखाना?"

"आई नक्षी रंगवायची तिथलाच असेल. बापही तिथेच होता, भट्टीवर."

"टोपीछाप ऐकला नाही बुवा. शंभर देतो."

"शंभरात काय, अर्धीच पुरू तिला?"

क्लाइव्ह हसला नाही. पण कपही खाली ठेवेना, हे नोरीनने हेरलं.

"तू ऐकला नाहीस म्हणजे दुसऱ्या कुणाकडे नाहीत. तीनशे. नाहीतर कोट उचल."

त्याने कोट उचलला, आणि खिशातून पाकीट काढलं.

शुक्रवारी आई स्वतःच्या कबरीत गेली. घरी चहा झाला, ओटची धिरडी झाली. आईच्या, म्हणजे हिल्डाच्या, शेजारी बसून तीस वर्षं नक्षी काढलेल्या एल्सीने सवयीने आपला कप उलटा केला आणि नाक मुरडलं.

"हे कुठलं भंगार आणलंस? हिल्डाचे कप शवपेटीत ठेवलेस ना, तिच्या कुशीत?"

"विकले, मावशी. त्याशिवाय कबर कुठून आणणार होते?"

एल्सी दारामागच्या टोपीकडे बघत राहिली.

"अगं पोरी," ती हळूच म्हणाली, "ती माती मी मळली होती. गाईच्या हाडांची राख त्या दिवशी आम्ही घातलीच नाही."

आईच्या कबरीचा खर्च बापाने केला होता.