रंजीची भूक

पाड्यावर सगळ्यांच्या दंडाला पोषणपट्टी होती. दिवसभराचं अन्न तिच्यातून थेट रक्तात जाई. चुली विझून बारा वर्षं झाली होती. पाच वर्षांच्या रंजीला मात्र पट्टी मानवली नाही आणि तिचं वजन घटत चाललं.

"पोटात कोणीतरी ओरबाडतंय," ती अंगणवाडीतल्या यमुनाताईंना म्हणाली.

"त्याला भूक म्हणतात, बाय."

हा शब्द रंजीने कधी ऐकलाच नव्हता.

यमुनाताईंनी पडीक बांधांवर आपोआप उगवलेली नाचणी खुडून आणली, दळली आणि शेवग्याचा पाला घालून तिची पेज केली. पहिला घास रंजीला गिळताच येईना. हळूहळू जमलं. महिनाभरात वजन पाऊण किलोने वाढलं.

पण पेजेचा वास आला की बाकीची मुलं नाक धरून अंगणात पळत. रंजी भिंतीकडे तोंड करून जेवायची. एके दिवशी तिने वाटी ढकलली.

"मला नको. कोणीच खात नाही."

यमुनाताईंनी खूप समजावलं. तिने तोंड उघडलं नाही. मग त्यांनी स्वतःच्या दंडावरची पट्टी सोलून काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या पोटात मोठ्याने गुरगुरलं. रंजीने चमकून वर पाहिलं. मग त्यांच्या पोटाला कान लावला.

"ताई, तुम्हाला पण भूक?"

"हो गं. फार लागलीय."

रंजीने वाटी दोघींच्या मध्ये ठेवली.