घोट्याएवढा खळगा

पुण्याची इरावती आयरिश धुना शिकायला एकटीच आयर्लंडमधल्या लेटरकेनीपलीकडच्या एका खेड्यात आली होती. तिचे म्हातारे शिक्षक डोनल वाद्यंही घडवायचे. त्यांनी खास तिच्यासाठी केलेलं व्हायोलिन पुढे केलं, तेव्हा त्याला व्हार्निशचा ताजा वास येत होता.

त्यांनी खुर्ची दाखवली, पण सवयीने ती शेगडीजवळ मांडी घालून बसली आणि आपल्याकडच्यासारखं व्हायोलिनच्या मानेचं टोक तिने उजव्या घोट्यावर टेकवलं. ते चपखल बसलं.

तिने टोक उलटून पाहिलं. तिथे एक गुळगुळीत खळगा होता, वर्षानुवर्षं घोट्यावर टेकून झिजल्यासारखा.

"हे आधी कोण वाजवायचं?"

"कोण वाजवणार? कालच तर तारा चढवल्या. ग्रँड आहे ना?"

"इथे असं खाली बसून वाजवतं कुणी?"

"उभ्या जन्मात पाहिलं नाही बुवा."

इरावतीला राहवेना. गार खिडकीपाशी एक छोटं, अजून तारा न चढवलेलं व्हायोलिन टांगलं होतं.

"आणि ते कुणासाठी?"

"कुणी सांगितलेलं नाही. हाताला आलं म्हणून केलं."

तिने ते उतरवून उलटं केलं. त्यालाही खळगा होता, पाच-सहा वर्षांच्या पोराच्या घोट्याएवढा. तिने त्यात बोट घातलं. तो कोमट होता.