कात्रींचं मत

“छान,” कात्री म्हणाले, आणि खोलीतले तिघंही एकमेकांकडे बघत राहिले.

औषधाच्या दुकानाचे मालक, बँकेतल्या बाई आणि एक वायरमन. दर रविवारी सकाळी ही मंडळी कात्रींच्या घरी जमायची. आठवडाभरात बघितलेल्या मालिका, वाचलेल्या कादंबऱ्या, नव्याने उघडलेलं एखादं हॉटेल, सगळ्यांची इथे उलटतपासणी व्हायची. कात्री हे नावही याच खोलीत पडलेलं. त्यांच्या तावडीतून काही सुटायचं नाही. बाईंच्या लाडक्या मालिकेला ते मळलेली कणीक म्हणायचे, ओढाल तितकी लांबते. घरच्या चहाबद्दलही, “आज पाण्याची आणि चहाची नुसती तोंडओळख झालेली दिसते,” असं बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचे. कौतुक त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

आज ते पलंगावर उशांना टेकून बसले होते. उजवा हात कुणीतरी आणून ठेवल्यासारखा मांडीवर पडला होता. हॉस्पिटलमधून घरी आल्यावरची ही पहिलीच बैठक. बाईंनी नुसतं विचारलं होतं, मालिकेचा शेवटचा भाग बघितलात का?

“छान?” बाईंना हसू आलं. “मेलेला दीर परत येतो, तो भाग छान?”

“छान,” कात्री म्हणाले. मग मान झटकून, डावी मूठ गादीवर आपटून, “छान! छान!”

“आजारपणाने माणूस सुधारला म्हणायचा,” औषधवाले म्हणाले.

कात्रींची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. “हसू नका हो,” ती म्हणाली. “त्यांना तेवढाच शब्द येतो आता. पाणी हवं असलं तरी तोच, दुखत असलं तरी तोच. डॉक्टर म्हणाले, एखाद्याजवळ एकच शब्द शिल्लक राहतो. कोणता, ते कुणाच्या हातात नसतं.”

“पण वहिनी, मानेनं हो-नाही?” औषधवाल्यांनी विचारलं.

“तीही उलटसुलट हलते. मग स्वतःवरच चिडतात.”

बाईंनी चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून तळाशी गेलं. त्या चमच्याने ते शोधत बसल्या. औषधवाले नव्या हॉटेलातल्या सुपाबद्दल बोलायला लागले आणि मध्येच थांबले. एरवी पहिल्या वाक्यालाच कात्रींनी त्यांना अडवलं असतं. कुणी न अडवता बोलायची त्यांना सवय नव्हती.

वायरमनच्या पायाशी अवजारांची पिशवी होती आणि पिशवीत, वायरच्या भेंडोळ्याखाली, त्याची कादंबरी. मागे एकदा त्याने ती इथे वाचली होती. “शेवटच्या पानावर नायिका मरते आणि वाचक सुटतो,” कात्री म्हणाले होते. त्यानंतर वायरमन बरेच रविवार फिरकला नाही. मग आला, तो पुन्हा लिहायला घेतलंय असं सांगत. बाई म्हणाल्या होत्या, दुसऱ्या कुणाला तरी दाखव की. “दाखवली,” तो म्हणाला होता. “सगळे छान म्हणतात. त्यात काय अर्थ?”

कात्रींचा डावा हात पिशवीच्या दिशेने उठला.

“राहू द्या. बरे व्हा, मग वाचतो,” वायरमन म्हणाला.

हात खाली येईना.

“वाचा भावोजी,” वहिनी म्हणाल्या.

त्याने शेवटचं प्रकरण वाचलं. सुरुवातीला आवाज चाचरत होता, मग मोकळा झाला. नायिका आता मरत नव्हती. रिकाम्या घरातले दिवे एकेक करून मालवत ती जिना उतरत होती, आणि खालचा एक तसाच ठेवून बाहेर पडत होती. बाईंनी डोळे पुसले. वायरमनने कागद मिटले.

“छान,” कात्री म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरलं.

वायरमन पलंगाच्या कडेला बसला. “म्हणजे छानच, की...”

“छान.”

“जमलंय म्हणता? की पुन्हा लिहू?”

“छान! छान!” कात्रींचा चेहरा लाल झाला. ओठ काहीतरी वेगळा आकार घेऊ बघत होते, आणि प्रत्येक वेळी तोच शब्द घरंगळून बाहेर पडत होता.

“अरे, त्रास नको देऊस त्यांना,” औषधवाले म्हणाले.

पण वायरमनला राहवेना. त्याने कात्रींचा डावा हात हातात घेतला. “बोलू नका, नुसतं ऐका. आवडली असेल तर माझा हात दाबा. नसेल तर सोडून द्या. मी वाईट वाटून घेणार नाही, शप्पथ.”

कात्रींनी हात दाबला.

“दाबला! वहिनी, बघितलंत?” वायरमन ओरडलाच. औषधवाल्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “जिंकलास लेका!” बाई तर रडता रडता हसायला लागल्या.

वायरमन उठायला गेला. हात सुटेना. त्याने हलकेच ओढून बघितला, तशी कात्रींची बोटं आणखी आवळली, नखं रुतेपर्यंत. ते कागदांकडे बघत नव्हते. वायरमनकडेही नाही. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं.

“सोडा ना आता,” वायरमन हळू आवाजात म्हणाला. मग अर्धवट वाकलेल्या अवस्थेतच त्याने वहिनींकडे बघितलं.

वहिनींनी ट्रे खाली ठेवला.

“सकाळी माझाही असाच धरला होता, भावोजी,” त्या म्हणाल्या. “आत भाजी करपल्याचा वास येत होता, आणि मला उठून गॅस बंद करता येईना.”