गाड्या बंद असतात तो दिवस

"मॅरेथॉन कधी गं?" सासूबाई महिनाभर विचारत होत्या. नव्या सुनेला कोडंच पडलं. गुडघे धरून उठणाऱ्या बाईला पळण्याचं एवढं काय? मॅरेथॉनच्या सकाळी सासूबाई बूट घालून निघाल्या, तशी तीही मागोमाग खाली उतरली.

"वर्षातून आजच गाड्या बंद असतात," सासूबाई म्हणाल्या. "समोर माझी ताई राहते. एरवी गॅलरीतून नुसते हात हलवायचे."

पण यंदा पळणारेच इतके, की रस्ता ओलांडायला फट मिळेना. पलीकडे ताई ताटकळत उभी. शेवटी दोघी बहिणी दोन्हीकडून गर्दीत घुसल्या. मधोमध गाठ पडली, पण थांबायला जागा कुठे होती?

"गुडघे कसे आहेत गं तुझे?" ताईने धापा टाकत विचारलं.

"पळतायत. तू बोल."